वकिलातीचें दार आणि आगीचा बंब



नागपूरच्या पूर्व अंगास कळमना म्हणून जो भाग आहे, त्याचें नांव विदर्भांतील शेतकऱ्यास अपरिचित नाहीं. तेथील बाजार-आवारांत हंगामाप्रमाणें संत्र्यांचे ढीग, धान्याचीं पोतीं आणि वाळलेल्या मिरचीच्या लालभडक राशी पाहावयास मिळतात. नागपूरचा उन्हाळा, कोरडा वारा, तागाचीं पोतीं आणि सुकी मिरची हीं चार एकत्र आलीं म्हणजे एक ठिणगीही पुरेशी होते. महानगरपालिकेच्या अग्निशामक दलाचें एक ठाणें कळमन्यास आहे, यांत म्हणूनच नवल कांहीं नाहीं. अशा बाजारांत आग लागली तर काय होतें? जो प्रथम पाहील तो ओरडतो, दुसरा दूरध्वनि करतो, पहारेकरी फाटक सताड उघडतो आणि घंटा वाजवीत आलेला बंब कोणाची अनुज्ञा न विचारतां आंत शिरतो. गाळ्यास कुलूप असेल तर तें तोडलें जातें. माझें कुलूप कां तोडलें, असा जाब मागाहून कोणी विचारीत नाहीं. वेळेवर तोडलें म्हणून उपकारच मानतो.

आतां या चित्राशेजारीं दुसरें एक चित्र ठेवून पाहा. शहराच्या प्रशस्त भागांत एक मोठें घर आहे. त्याच्यावर परक्या देशाचें निशाण फडकत आहे. वरच्या मजल्यावरून धूर येत आहे. बंब आला आहे, पाणी सज्ज आहे, जवान उतरले आहेत. परंतु ते फाटकाशींच उभे आहेत. आंतून कोणी अधिकारी येऊन 'या' म्हणेपर्यंत त्यांना उंबरठा ओलांडतां येत नाहीं. हें घर म्हणजे परराष्ट्राची वकिलात, म्हणजे ज्यास आपण आज दूतावास म्हणतों तें. अशा घराचें आगीपासून रक्षण कसें व्हावें, आणि इतिहासानें याविषयीं आपणांस काय शिकविलें आहे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु त्याचे कांहीं धागे पुण्यानागपुरांतूनच गेले आहेत, असें थोड्याच वेळांत दिसून येईल.

दूत आणि आग यांची गांठ आपल्याकडे रामकथेंतच पडलेली आहे. दूत अवध्य होय, ही मर्यादा लंकेच्या दरबारांत बिभीषणानें रावणास सांगितली. रावणानें ती अक्षरशः पाळली. हनुमंताचे प्राण घेतले नाहींत, केवळ शेपूट पेटविलें. पुढें काय झालें तें मराठी श्रोत्यांस सांगणें नको. दूताच्या अंगास लावलेली आग दूतापाशींच थांबत नाहीं, ती यजमानाच्या नगरीचा घांस घेते, एवढें तात्पर्य आजच्या विषयापुरतें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

मराठी राज्यकारभारांत वकील हा मोठ्या मानाचा मनुष्य असे. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे असे पुण्याचे वकील परमुलुखांत राहात, आणि त्यांनीं लिहिलेलीं पत्रें हीं आज आपल्या इतिहासाचीं अमोल साधनें आहेत. वकील गोड बोले, नजराणे देई-घेई, आणि डोळे-कान उघडे ठेवून दरबारची बित्तंबातमी धन्यास कळवी. यजमानासही हें ठाऊक असे. त्यामुळें वकिलाचें घर हें एकाच वेळीं पाहुण्याचें घर आणि संशयाचें घर असे. हा दुहेरीपणा आजही संपलेला नाहीं, आणि आगीच्या प्रश्नाचें मूळ नेमकें त्यांतच आहे.

इंग्रजांचा पहिला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट १७८६ सालीं पुण्यास आला. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी उभी राहिली. पुढें १८११ पासून तेथें माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा रेसिडेंट होता. हाच गृहस्थ त्यापूर्वीं, देवगांवच्या तहानंतर, १८०४ पासून १८०८ पर्यंत आपल्या नागपुरांत भोसल्यांच्या दरबारीं रेसिडेंट म्हणून राहिला होता. तो जसा धूर्त मुत्सद्दी होता, तसाच ग्रंथांचा मोठा शोकी होता. बाजीरावाशीं संबंध विकोपास गेल्यावर त्यानें १८१७ च्या नोव्हेंबरच्या आरंभीं आपलें सैन्य गारपिराहून खडकीस हलविलें. ५ नोव्हेंबरला पेशव्यांची फौज चालून येत आहे असें दिसतांच त्यानें रेसिडेन्सी सोडली आणि नदी ओलांडून खडकीची वाट धरली. त्याच दिवशीं संगमावरची रेसिडेन्सी लुटली गेली व तिला आग लावण्यांत आली. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह, त्याच्या रोजनिशा आणि टिपणें त्या आगींत गेलीं.

एल्फिन्स्टन कांहीं निरुपद्रवी पाहुणा नव्हता. पुण्यांत त्याचे हेर किती सूक्ष्मपणें काम करीत होते, हें इतिहासाच्या अभ्यासकांस माहीत आहे. त्याचें घर जळालें म्हणून आज अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. परंतु त्या घरांत जे कागद होते, ते एकट्या इंग्रजांचे होते काय? ज्या राज्याविषयीं ते लिहिले गेले होते, त्या राज्याचेही ते होतेच. वकिलातीची आग ही अशी असते. तींत यजमानाच्या गोष्टीही जळतात. आणि राजकीय फळ पाहावें तर खडकीच्या त्या दिवसानंतर सात महिन्यांत, १८१८ च्या जूनमध्यें, बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. लंकेचें तात्पर्य येथेंही चुकलें नाहीं.

पुण्याची राख निवते न निवते तोंच नागपूरची पाळी आली. येथें रिचर्ड जेंकिन्स हा रेसिडेंट होता आणि त्याची रेसिडेन्सी सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेस होती. मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशीं २६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळीं लढाई जुंपली ती दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत चालली. टेकडीच्या पायथ्याशीं वस्ती येऊन भिडलेली होती आणि भोसल्यांच्या पदरच्या अरबांनीं त्या घरा-झोंपड्यांचाच आडोसा घेतला. २७ तारखेस टेकडीवर इंग्रजांचीच दारूगोळ्याची एक गाडी भडकून उडाली. त्या स्फोटानें जो क्षणभर गोंधळ उडाला, त्याचा फायदा घेऊन अरबांनीं धाडसानें लहान टेकडी काबीज केली. शेवटीं इंग्रजांनीं ती परत घेतली व लढाई जिंकली, हा भाग वेगळा. लढाईचा निकाल बाजूस ठेवून केवळ आगीच्या दृष्टीनें पाहिलें तर दोन गोष्टी ठळक दिसतात. वकिलातीस मोठा धोका बाहेरच्या शत्रूपासून असतो तसाच तो स्वतःच्या आवारांत सांठविलेल्या ज्वालाग्राही मालापासून असतो. आणि शेजारची वस्ती किती जवळ आहे, याचा विचार शांततेच्या दिवसांत केला नाहीं तर तो संकटाच्या रात्रीं करण्यास अवधि मिळत नाहीं.

हा शहाणपणा आपल्या लोकांस नवा नव्हता. शिवाजी महाराजांनीं राज्याभिषेकाच्या थोडें आधीं चिपळूण भागांत छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांस व कारकुनांस लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या काडीसही हात लावूं नका, या आज्ञेसाठीं तें नेहमीं सांगितलें जातें. परंतु त्याच पत्रांत आगीविषयीं जी काळजी आहे, ती वाचून आजच्या अग्निशामक अधिकाऱ्यानेंही मान डोलवावी. कोणी भलत्याच जागीं चूल पेटवील. कोणी तंबाखूसाठीं विस्तव घेईल आणि गवत कोठें पडलें आहे, वारा कसा आहे, हें पाहणार नाहीं. एक खण पेटला कीं सारे खण जातील. रात्रीं दिवा तसाच ठेवून निजाल तर जळती वात उंदीर ओढून नेईल, अशी ती एकेक शक्यता महाराजांनीं मोजून मांडली आहे. चूल, धूम्रपान आणि रात्रीं बेवारस राहिलेला दिवा! आज दिव्याच्या जागीं विजेची तार आली आहे. बाकी यादी तीच आहे. आणि लागण एकदां झाली म्हणजे मग कोणाची कितीही गर्दन मारली तरी जळालेलें परत येत नाहीं, हें मर्मही त्यांत आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दारूखान्याविषयीं जें सांगितलें आहे, तेंही याच जातीचें आहे. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, सदरेपासून दूर असावा, त्याभोंवतीं कुंपण असावें, आंतला माल ठराविक दिवसांनीं बाहेर काढून पाहावा आणि तेथें कायमचा पहारा ठेवावा, असा त्याचा आशय आहे. जागेची निवड, अंतर, नियतकालिक तपासणी आणि जबाबदार माणूस या चार खांबांवर आजचें सारें अग्निसुरक्षेचें शास्त्र उभें आहे. दुर्दैव एवढेंच कीं जें शहाणपण गडावर पाळलें गेलें, तें वाड्यांत पाळलें गेलें नाहीं. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं आगींत गेला. आपल्या नागपुरांत महाल भागांतला भोसल्यांचा राजवाडा काळ्या पाषाणाचा होता. परंतु त्याचें सौंदर्य लांकडाच्या कोरीव कामांत होतें. १८६४ सालीं तो जळाला. पाषाण आगीस भीत नाहीं, पण पाषाणाच्या पोटांत लांकूड भरलें म्हणजे तो भट्टीच्या भिंतीसारखाच होतो. आज अनेक राष्ट्रांच्या वकिलाती जुन्या राजेरजवाड्यांच्या, धनिकांच्या किंवा अमीरउमरावांच्या प्रासादांत आहेत. त्यांनीं महालची ही गोष्ट ऐकून ठेवावी.

आतां निर्णयाच्या प्रश्नाकडे वळूं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजास आग लागली. त्याच्या पोटांत कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं. आग दुपारीं दिसली. पहिला प्रचंड स्फोट सायंकाळीं चार वाजून गेल्यावर झाला. मधले दोन तास काय चाललें होतें? एकाचें मत, जहाज जागच्या जागीं बुडवावें. दुसऱ्याचें, तें गोदीबाहेर ओढून न्यावें. बंबवाले पाण्याचा मारा करीतच होते. प्रत्येक जण आपापल्या परीनें शहाणाच होता. परंतु सर्वांवर शब्द चालेल असा एक मनुष्य तेथें नव्हता. शेकडों लोक प्राणांस मुकले. त्यांत मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पाणी होतें, माणसें होतीं, धैर्य होतें. नव्हता तो फक्त निर्णयाचा अधिकार. वकिलातीच्या फाटकाशीं जो बंब थांबतो, त्याच्या पुढेंही हाच प्रश्न उभा असतो.

तो कसा, तें पाहण्यासाठीं आपणांस व्हिएन्ना नगरीस जावें लागेल. तेथें १९६१ सालीं राष्ट्रांनीं मिळून राजनैतिक संबंधांचा जो करार केला, त्याचें २२ वें कलम असें सांगतें कीं वकिलातीची जागा अनुल्लंघनीय आहे आणि वकिलातीच्या प्रमुखाच्या संमतीवांचून यजमान राष्ट्राच्या कोणाही अधिकाऱ्यानें आंत पाऊल टाकूं नये. त्यांत आगीचा अपवाद नाहीं. असा अपवाद असावा काय, याचा मसुदा तयार होतांना विचार झाला नव्हता असें नव्हे. विचार झाला आणि तो घातला गेला नाहीं. याच नगरींत दोन वर्षांनीं, १९६३ सालीं, वाणिज्य दूतावासांविषयीं दुसरा करार झाला. त्याच्या ३१ व्या कलमांत मात्र म्हटलें आहे कीं आग किंवा तशीच दुसरी आपत्ति ओढवली आणि तांतडीनें रक्षणाचे उपाय करणें जरूर झालें, तर प्रमुखाची संमति आहे असें गृहीत धरतां येईल. म्हणजे दिल्लींतील दूतावासास आग लागली तर बंबानें विचारावें, आणि मुंबईंतील वाणिज्य दूतावासास लागली तर न विचारतां शिरलें तरी चालेल, असा हा भेद आहे. ज्वाळांस मात्र हा भेद कळत नाहीं.

कोणी म्हणेल, मग पहिल्या करारांतही आगीचा अपवाद घालून टाकावा. माणसाच्या प्राणापुढें गुप्ततेचें एवढें काय मोठेंसें? हा आक्षेप माणुसकीचा आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाहीं. परंतु १९७७ सालच्या ऑगस्टमधील मॉस्कोची हकीकत ऐकावी. तेथील अमेरिकन दूतावासाच्या वरच्या मजल्यांस आग लागली. सोव्हिएट अग्निशामक आंत गेले; आणि त्या जवानांच्या वेषांत गुप्तहेरही होते, असा संशय अमेरिकेच्या बाजूनें पुढें घेतला गेला. संशय खरा असो वा खोटा, एकदां आग हें आंत शिरण्याचें निमित्त झालें म्हणजे निमित्तें निर्माण होण्यास वेळ लागत नाहीं, ही भीति खोटी म्हणतां येत नाहीं. बलाढ्य राष्ट्र आपला पहारा बसवूं शकतें. लहान राष्ट्राच्या वकिलातीस मात्र त्या एका कलमाखेरीज दुसरी तटबंदी नसते. म्हणून माझें नम्र मत असें आहे कीं कलम आहे तसेंच राहूं द्यावें. परंतु संमतीचा प्रश्न आगीच्या वेळीं विचारला जाऊं नये. तो शांततेंत विचारून त्याचें उत्तर आधींच लिहून ठेवलेलें असावें.

गुप्ततेची तटबंदी उलटली म्हणजे काय होतें, याचें भयंकर उदाहरण १९७९ च्या २१ नोव्हेंबरला इस्लामाबादेंत घडलें. चवताळलेल्या जमावानें तेथील अमेरिकन दूतावास पेटविला. शंभराहून अधिक माणसें वरच्या मजल्यावरच्या पोलादी खोलींत कोंडून बसलीं. ती खोली गुप्त कागद व माणसें यांच्या रक्षणासाठींच केलेली होती. जमावापासून तिनें रक्षण केलें. परंतु खालून आग तापूं लागतांच तिची जमीन पायांस चटके देऊं लागली आणि धुरानें श्वास कोंडूं लागला. पांच तासांहून अधिक काळ लोटल्यावर छपरांतल्या झडपेच्या वाटेनें तीं माणसें बाहेर पडलीं. त्या दिवशीं चौघांचे प्राण गेले. त्यांपैकीं दोघे त्याच देशांतले, दूतावासांत नोकरीस असलेले कर्मचारी होते. दुसरी वाट नसती तर किती गेले असते, याची कल्पनाही करवत नाहीं. शत्रूला आंत येऊं न देणारें दार आणि मित्राला बाहेर जाऊं न देणारें दार हें एकच असूं शकतें, हें सुरक्षेच्या योजकांनीं विसरतां कामा नये.

तेव्हां योजना कशी असावी? पहिली गोष्ट, दाराची. दिवसा कोण आणि रात्रीं कोण संमति देईल, तो नसेल तर त्याच्या जागीं कोण, हें नांवनिशीवार ठरलेलें असावें आणि स्थानिक अग्निशामक दलास तें कळविलेलें असावें. रात्रीं पहाऱ्यावर असतो तो बहुधा सर्वांत कनिष्ठ मनुष्य. वरिष्ठाची झोंप मोडावी कीं नाहीं या विवंचनेंत त्याचीं पहिलीं दहा मिनिटें जातात, आणि आग विझविण्याचीं मिनिटें तींच असतात. कोणत्या खोल्यांत जवानांनीं मोकळेपणानें जावें आणि कोणत्या खोलींत वकिलातीचा मनुष्य बरोबर असतांच जावें, हेंही आधीं ठरवितां येतें. दूतावासाचे कागद व दप्तर अनुल्लंघनीय आहे, हें त्याच करारांत निराळें सांगितलें असल्यानें जवानानें कपाटास हात लावण्याचें कारण नाहीं. त्यानें ज्वाळा पाहाव्या, अक्षरें पाहूं नयेत. आणि दप्तराच्या खोलींत पाण्याऐवजीं वायूनें आग विझविणारी यंत्रणा असली तर कागद जळत नाहीं आणि भिजतही नाहीं. संगमावरची राख ज्यानें मनांत ठेवली असेल, त्यास या खर्चाचें मोल पटवून द्यावें लागणार नाहीं.

दुसरी गोष्ट, वाटेची. मोटारींतून येणाऱ्या स्फोटकांच्या भयानें आज अशा घरांपुढें कांक्रीटचे अडसर उभे करतात, फाटकें अरुंद करतात, खिडक्यांस लोखंडी गज बसवितात. यांतील प्रत्येक उपाय बंबाच्या वाटेंत उभा राहतो. बंबाची रुंदी मोजून मगच अडसर बसवावे. गज असे असावे कीं ते आंतून उघडतील. बाहेर पडण्याच्या वाटा दोन असाव्या, आणि दुसऱ्या वाटेस कुलूप असूं नये. परदेशाहून आणविलेल्या पाण्याच्या तोट्यांस आपल्या बंबाच्या नळ्या बसतात कीं नाहीं, हें एकदां लावून पाहावें. १९०४ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहर जळत असतां शेजारच्या शहरांहून बंब धांवून आले, परंतु त्यांच्या नळ्या तेथील तोट्यांस बसेनात, आणि मदत दारांत उभी असून शहराचा मोठा भाग खाक झाला. बोटभर पितळेच्या फरकानें असें होतें!

तिसरी गोष्ट, घरांतल्या सामानाची व माणसांची. स्वदेशाहून आणलेलीं विजेचीं उपकरणें निराळ्या दाबाचीं असतात. तीं येथील तारांवर कसरतीनें चालवितात. उन्हाळ्यांत थंड हवेच्या यंत्रांचा भार जुन्या तारांवर पडतो. जनित्राचें डिझेल, स्वयंपाकघरांतला गॅस, तळघरांत सांठलेली रद्दी, हीं आज दारूखान्याच्या जागीं आहेत. त्यांस आज्ञापत्राचाच नियम लावावा. त्याशिवाय तेथें माणसें किती तऱ्हेचीं येतात! परवान्यासाठीं सकाळपासून रांगेंत उभीं राहिलेलीं म्हातारीं आईबापें, शिक्षणासाठीं निघालेलीं मुलें, चहा आणणारा पोऱ्या, माळी, झाडूवाला. त्यांना वाटा ठाऊक नसतात आणि परकी भाषा वाचतां येत नाहीं. म्हणून बाहेर पडण्याच्या वाटेच्या पाट्या त्यांच्या भाषेंत असाव्या, आणि आगीच्या कवाईतींत स्थानिक नोकरांस प्रथम घ्यावें. राजदूत तीन-चार वर्षांनीं बदलतो. माळी तेथेंच वीस वर्षें असतो. घराची खरी माहिती माळ्यापाशीं असते.

चौथी गोष्ट, कायद्याची. आपल्या राज्यांत 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' लागू आहे. त्याखालीं इमारतीच्या मालकानें किंवा भोगवटादारानें आगीचीं साधनें चालू स्थितींत असल्याचा दाखला वर्षांतून दोनदां, जानेवारींत व जुलैंत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावयाचा असतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तींत एक संबंध भाग आग व जीवसुरक्षेस वाहिलेला आहे. परकी वकिलातींत तपासनिसास बलात्कारें शिरतां येत नाहीं, हें खरें. परंतु व्हिएन्नाच्याच कराराचें ४१ वें कलम पाहुण्यास बजावतें कीं यजमानाचे कायदे पाळणें हें तुझें कर्तव्य आहे. ज्याच्या घरांत तपासनीस येऊं शकत नाहीं, त्यानें तपासनिसास स्वतः होऊन बोलवावें, यांतच शहाणपण आहे आणि सभ्यताही आहे. कारण त्याचें निशाण परकें असलें तरी त्याच्या भिंतीस लागून असलेलें घर परकें नाहीं.

या साऱ्या गोष्टींत नागपूरचा संबंध केवळ सीताबर्डीच्या लढाईपुरता नाहीं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ सालीं उत्तर प्रदेशांतील रामपुरास सुरू झालें आणि दुसऱ्याच वर्षीं तें नागपुरास आलें. तेव्हांपासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून अधिकारी येथें शिकावयास येतात. दिल्लींत किंवा मुंबईंत परक्या निशाणाच्या फाटकाशीं उद्यां जो अधिकारी बंब घेऊन उभा राहील, तो बहुधा नागपूरचें ऊन खाऊन गेलेला असेल. ज्या शहरांत एका रेसिडेंटाच्या टेकडीवर दारूची गाडी उडाली, त्याच शहरांत आज अशा आगी लागूं नयेत म्हणून काय करावें हें शिकविलें जातें. याबद्दल नागपूरकरांनीं थोडा अभिमान बाळगला तर तो अनाठायीं होणार नाहीं.

शेवटीं पुन्हां कळमन्यास येतों. तेथें फाटक उघडण्यास क्षण लागत नाहीं, कारण आगीच्या वेळीं कोणी कोणास परका नसतो. राष्ट्राराष्ट्रांत हा विश्वास एवढा सोपा नाहीं, आणि तो सोपा होईल अशी नजीकच्या काळांत आशाही दिसत नाहीं. पण जेथें विश्वास पुरत नाहीं, तेथें पूर्वयोजना पुरी पडूं शकते. एक कागद, त्यावर दोन नांवें, एक नकाशा, वर्षांतून दोन कवाईती आणि फाटकाची किल्ली कोणापाशीं आहे हें दोन्ही बाजूंस माहीत असणें, एवढ्यानें पुष्कळ घरें आणि पुष्कळ माणसें वांचतील. लंकेस असा कागद नव्हता. संगमावरही तो नव्हता. आपल्या काळास तो असावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.